वायरी कोणी फिरवल्या

१४ एप्रिल, रविवार

बंद पडली! दारातच! लेक तुंगा पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, नवरा दामदिन स्टिअरिंगवर, मी मागे दुधाचं ओगराळं घेऊन उभी — चाकं हलली की मागून शिंपडायचं, वाट सुखाची होते — आणि जीप दमेकऱ्यासारखी खोकून गप्प. चेचेर्लेग शहरातून सुटणारी बस हुकली. विमान अठ्ठावीसला आहे म्हणून बरं. नाहीतर लेकीचं परदेशातलं, सोलचं नर्सिंग कॉलेज गेलंच होतं हातचं.

शेजारची चिमगे म्हातारी लगेच हजर. "निघताना विचारलंस ना, दुपारपर्यंत पोचाल का म्हणून? चालवणाऱ्याला असं विचारतात का गं? अपशकुन होतो!" विचारलं होतं. जळली मेली माझी जीभ!

दामदिन म्हणाला, "गाडीचीच मर्जी दिसत नाही, म्हातारे." गाडीला मर्जी नसते, वायरी असतात! बॉनेट उघडलं. प्लगच्या चारही वायरी तडकलेल्या, करंट वाटेतच उडून जातोय. अर्धं आयुष्य डेअरीची दुधाची गाडी चालवलीय मी. नवऱ्याला फक्त घोडा कळतो. चालवतो कशीबशी, पण बॉनेटच्या आत त्याने कधी डोकावलेलं नाही.

१६ एप्रिल

चिमगेच्या जावयाने गावातून नव्या वायरी आणल्या. लाल, मऊ, वासही नवा. एक जुनी काढायची, तिच्या जागी नवी बसवायची, टक्‌ आवाज आला की मगच दुसरीला हात लावायचा. सगळ्या एकदम उपटल्या की झाला गोंधळ. आमच्या रशियन जीपला एक-दोन-चार-तीन अशीच ठिणगी लागते. दोन नि तीनच्या वायरींची अदलाबदल झाली की फटाके!

गंमत म्हणजे दामदिन शेजारी उभा राहून बघत होता. "कुठली दोन? कुठली तीन?" विचारत होता. म्हातारपणी अक्कल आली म्हणायची! मला बरं वाटलं. दोनदा सांगितलं.

इंजिन काय गोड चाललं! तुंगा चहा देऊन गेली. काही बोलली नाही. मुलीची जात, जाताना गप्प होतेच. परवा बस.

१८ एप्रिल

चावी फिरवली आणि धडाम्‌! सायलेन्सरमधून फटाके! कालच व्यालेल्या शेळ्या करडं टाकून पळाल्या. चिमगे ओरडली, "बंदूक कोणी उडवली गं?"

बॉनेट उघडलं. दोनची वायर तीनला, तीनची दोनला.

मी असं लावलेलं नाही! परवा इंजिन चालत होतं, मी स्वतः ऐकलंय. म्हणजे कोणीतरी येऊन, शांतपणे, हाताने केलंय हे. माझ्या दारात! चिमगे म्हणते नजर लागली. नजर वायर उपटून दुसऱ्या प्लगवर बसवत नाही.

कोण? या माळावर आम्ही तिघं, चिमगे नि तिचा जावई. त्याला मिळणार काय? मला भीती वाटतेय. स्वतःच्या घरात!

१९ एप्रिल

दामदिनच्या अंगठ्याच्या नखात ग्रीस. घोड्याला कुठलं ग्रीस लागतं?

२० एप्रिल

विचारलं. सरळ म्हणाला, "हो. मीच."

तोंड सुटलं माझं. जे मनात आलं ते बोलले — तिला जन्मभर याकच दोहायला लावायचंय का, बाप आहेस की वैरी, मी शिकवलं ते माझ्याच मुलीच्या मुळावर? तो खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "मला ओरड. तिला नको."

तिला? तिचं काय?

तुंगा दारात उभी होती. पाठीवर शेणाची टोपली तशीच. "आई, मीच सांगितलं बाबांना. मीच करणार होते. ते म्हणाले, सापडलो तर मी सापडतो."

"मग मला का नाही सांगितलंस, की जायचं नाही?"

"तुला?" ती हसली. हसली! "तुला 'नाही' कसं सांगतात, आई? बाबांनाही विचार."

दामदिनकडे बघितलं. त्याने नजर चुकवली.

माझ्या घरात मला 'नाही' म्हणायचं तर इंजिनाच्या वायरी फिरवाव्या लागतात. अर्ज मी भरला. कॉलेज मी निवडलं. तिला कोरियन शिकायला मी बसवलं. ती 'हो' कधी म्हणाली होती? आठवून आठवून थकले. आठवत नाही.

२१ एप्रिल

वायरी जागेवर लावल्या. मग तुंगाला म्हटलं, "राहा. नको जाऊस." ती माझ्याकडे असं बघत राहिली, जणू कोणी परकी बाईच आलीय दारात.

"खरंच?"

"खरंच. तुला काय हवं ते."

"मला माहीत नाही गं. विचार करू देशील?"

तोंडाशी दहा वाक्यं आली. गिळली. गोठ्यात जाऊन ढसाढसा रडले, आणि खरं सांगायचं तर अर्धं रडू आनंदाचं होतं. राहील की पोरगी! हे मला कुठे ठाऊक होतं, की मलाही तेच हवं होतं?

२४ एप्रिल

अजून गप्प. मी विचारलं नाही. मी!

२५ एप्रिल

तुंगा चहा पुढे ठेवून म्हणाली, "आई, मी जाते."

मला वाटलं शेळ्यांकडे.

"सोलला. उद्याची बस मिळेल. तू ढकलत होतीस तोवर मी पाय रोवून उभी होते. तू सोडलंस नि मला कळलं, भीती तेवढी होती. जायचं तर आहेच."

"बरं," म्हटलं. दुसरं काय म्हणणार? दामदिन उठून घोड्याकडे गेला.

२६ एप्रिल

सकाळी कोणी उठायच्या आत बॉनेट उघडलं आणि दोन नि तीन उलट लावल्या. मी!

निघताना दामदिनने चावी फिरवली आणि धडाम्‌ झालं. तुंगा जीपमधून खाली उतरली. बॉनेट उघडून दोन्ही वायरी जागेवर लावल्या, हात पुसले. कोणी केलं ते विचारलं नाही. मग माझ्यापुढे गाल केला. निरोपाच्या रीतीप्रमाणे एकच हुंगला. दुसरा ती परत आल्यावर.