फुलबाईनं जुडी दिली नाही

भिलाई, बुधवार, कार्तिक १९६०

मले राग कावून आला होता? संध्याकाळपासून तेच डोक्यात घोळून राहिलं.

आज फुलबाईनं परसातल्या अडुळशाच्या जुड्या पहिल्यांदाच दुर्गच्या बाजारात मांडल्या. सत्तरीची म्हातारी, सोबत मी. दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही. मग एक माणूस आला. म्हणे सगळ्या जुड्या दे, महिन्याचा खोकला आहे, थुंकीत रक्त येते. फुलबाईनं जुड्यांवर हात ठेवला. "पहिली डाक्टर ला देखा, पाछू पाना लेबे." म्हणजे आधी डाक्टरले दाखव, मग पाला घे.

मी चिडून तिच्या कानात म्हटलं, अवं देऊन टाक, एवढं एकच गिऱ्हाईक आलं! तिनं माझ्याकडे पाहिलं, पण हात काही उचलला नाही. "तहीं त सिखोए हस, बाई."

खरंच की, मीच तर शिकवलं तिले. रक्त पडलं तर पाल्याच्या भरवशावर राहू नका, हे दर शुक्रवारी तिच्याच ओसरीवर गावच्या म्हाताऱ्यांना मीच सांगते. बाजारात बसली आन् मीच विसरली!

मग ती उठली आणि त्या माणसाले स्वतः दवाखान्यात घेऊन गेली. तो जुड्यांवरचा हात अजून डोळ्यांपुढून हलत नाही. आणि शिकवणारी मी, ती येईपर्यंत उन्हात तिच्या जुड्या राखत बसली.