मागच्या बाजूची खोली

अहो ठकीचे बाबा,

मी बरी आहे. जेवण वेळेवर मिळतं, उगाच जीव टांगणीला लावू नका.

हॉटेलवाल्यांनी यंदाही सुट्टी दिली नाही. तेव्हा आता ठकीला घेऊन तुम्हीच सुट्टीवर या. पावसाळ्यात या बेटावर पाहुणे नसतात, खोल्या निम्म्या भाड्यात मिळतात. समुद्राकडची नको, मागच्या बाजूची तळमजल्यावरची मागा. त्या खोल्यांची झाडलोट माझ्याकडे आहे. आम्हा कामवाल्यांच्या नातेवाइकांना इथे राहू देत नाहीत, म्हणून मी धक्क्यावर दिसले तरी सरळ पुढे चला.

सकाळी ‘खोली साफ करा’ची पाटी दाराला अडकवा आणि दोघं आतच थांबा. मला एका खोलीला अर्धा तास मिळतो. पलंग तुम्हीच आधी आवरून ठेवा, म्हणजे तो अख्खा अर्धा तास आपला.

सासूबाईंचा गुडघा कसा आहे? ठकीचा पडलेला दात आला का?

नाही म्हणू नका. आणखी एक वर्ष माझ्याने काढवणार नाही.

ठकीकडून एवढं मात्र घोकून घ्या. मी आत आले की दार लागेपर्यंत मला आई म्हणायचं नाही.

तुमच्या पाटीकडे डोळे लावून बसलेली,
ठकीची आई