उंबराचं तिसरं कडवं

२१ जानेवारी २००७

हितेशला गोदामातून दोन डायऱ्या मिळाल्या. एक त्याने ठेवली, एक मला दिली. "आई, रिकामी बसतेस तर लिही काहीतरी." रिकामी! सातवी पास होऊन पंचेचाळीस वर्षं झाली, पण अक्षर अजून वळणदार आहे. लिहीन की.

काल कशेळीला लग्न होतं. दोन दिवस मांडवात बसून देव बोलवायचे, उंबर आणवायचा, हळद चढवायची ती लग्नाचे धवले गाणाऱ्या माझ्यासारख्या धवलारणीने. आणि पंगतीत पहिलं पान कोणाला? शेवटी येऊन अर्धा तास मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजीला! असो. शेजारच्या मांडवात डीजे एवढा मोठा की माझा आवाज मला ऐकू येईना. उंबराच्या धवल्यात तिसऱ्या कडव्याला अडले. दुसरंच पुन्हा म्हटलं आणि पुढे गेले. कोणाला कळलं नाही. मागे झील धरायला माझी सून मृणाली होती, तीही काही बोलली नाही. या डीजेवाल्यांना एकदा पोलिसात दिलं पाहिजे.

या वहीत सगळं लिहायचं, फक्त धवले लिहायचे नाहीत. मला शिकवणाऱ्या काशीमायने तोंडाने दिले, मी कानाने घेतले. "कागदावर गेला तो धवला मेला," म्हणायची. तिच्या हाताखाली आम्ही चौघी होतो. तिघी गेल्या. तिचे धवले आता माझ्याकडेच आहेत.

९ फेब्रुवारी

डाव्या छातीखालून पार पाठीपर्यंत पुरळ. आग आग होतेय. माझा भाऊ काळूराम बघूनच म्हणाला, "बाय, ही नागीण हाय. त्वांड नि शेपूट जुललं का मानूस जातं." मग तू मोजत बस कुठवर आली ते, म्हटलं! त्याने गेरू लावून दिला. लुगडं खराब झालं, आग होती तशीच आहे.

२ मार्च

पुरळ गेला. डाग राहिले आणि दुखणं राहिलं. पदर घासला तरी चटका बसतो. वारा लागला तरी. अंगावर ब्लाऊज नाही तीन आठवडे, घरात चादर गुंडाळून बसते. कोणी आलं की आत पळायचं. या वयात!

मृणालीने आज हट्टाने भिवंडीत डॉ. इमादकडे नेलं. कोकणी मुसलमान, बोलतो आपल्यासारखाच. म्हणाला, "काकी, पुरळ गेला पण आतली नस दुखावली ना. तिला शांत करायला ही कॅप्सूल." आणि बोट वर करून, "एक गोष्ट ध्यानात ठेवा. बरं वाटलं तरी, नाय वाटलं तरी, आपल्या मनानं बंद करायची नाय. मला विचारायचं. हळूहळू उतरवावी लागते ती."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं!

६ मार्च

ब्लाऊज घातला! देव त्या इमादचं भलं करो.

२८ मार्च

मध्ये इमादने कॅप्सूल वाढवली. दुखणं चार आण्यांवर आलंय. पण पाय सुजलेत, जोडवी रुतायला लागली म्हणून तेल लावून काढली. लग्नानंतर पहिल्यांदा बोटं मोकळी दिसली, बघवेना. उठले की घर फिरतं. काल पायरीवरून जाणार होते, मृणालीने धरलं. वजन पण चढलंय. हितेश म्हणतो, "आई, तू गोल झालीस." गप बस मेल्या, म्हटलं.

आणि शब्द जातात. आज जेवताना मीठ मागायचं होतं. हात पुढे करून बसले. "ते पांढरं दे गं." मृणाली हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

१० एप्रिल

करिष्माच्या लग्नाची तारीख ठरली, २९ एप्रिल. मुलगा मानकोलीचा. माझी धाकटी बहीण गेली तेव्हा करिष्मा चार वर्षांची होती. मीच वाढवली. लहानपणी माझ्या मांडीवर बसून लग्नं बघायची आणि विचारायची, "मावशी, माज्या लगनाला पन तूच गाशील ना?" आज फोनवर तेच विचारलं. म्हटलं, मी नाही तर कोण गाणार?

१२ एप्रिल

सगळी कामं आटपून दार लावून बसले. देव बोलावले, एक देव सुटला नाही. मग उंबर. पहिल्या कडव्यात वऱ्हाडी रानात जातात, उंबराला मांडवात ये म्हणतात. दुसऱ्यात उंबर विचारतो, माझी फांदी तोडाल तर मला काय द्याल? तिसऱ्यात त्याला उत्तर आहे.

ते उत्तर येत नाही.

चाल येते. शब्द किती, ते बोटांवर मोजता येतं. पण शब्दच नाहीत. चार वेळा म्हटलं. चारही वेळा उंबर विचारतो आणि मी गप्प. रडले. तीस वर्षांत झोपेत उठवलं असतं तरी म्हटलं असतं मी.

१४ एप्रिल

हितेशने कॉम्प्युटरवर बघून आणलं. या कॅप्सूलने काय काय होतं त्याची यादी. चक्कर, सूज, वजन, डोळ्यांपुढे धूसर. आणि विसर पडणं! छापील आहे. मृणालीला दोनदा वाचायला लावलं.

बरं वाटलं, खरं सांगते. चोर सापडला.

२३ एप्रिल

काशीमायचा नेम होता. हळदीच्या आधी चार दिवस धवलारणीने तोंडात काही बाहेरचं घालायचं नाही. तंबाखू नाही, मिसरी नाही, औषध नाही. तोंड देवाला द्यायचं. मी तो नेम कधी मोडला नाही. तापात पण नाही.

मग या कॅप्सूलला वेगळा न्याय कशाला? उद्यापासून बंद. इमादने सांगितलंय ते ध्यानात आहे. पण इमादला आमचा नेम काय माहीत. चार दिवसांत डोकं धुतल्यासारखं होईल आणि माझं कडवं मला परत मिळेल. कॅप्सूल तांदळाच्या डब्यात खाली दडवल्यात. मृणालीला पत्ता नाही.

२५ एप्रिल

झोप नाही. अंगाला घाम, उन्हाळ्याचा नव्हे, वेगळा. छाती धडधडते. सोसेन.

२६ एप्रिल

पोटात काही ठरत नाही. कातडीखाली मुंग्या चालतात. मृणालीने चहा आणला, कप ठेवल्याचा आवाज झाला आणि मी किंचाळले. "आई, काय होतंय?" "तुला काय करायचंय!" बिचारी तशीच उभी राहिली. मग मी रडले, ती पण रडली. कशासाठी ते दोघींना माहीत नाही.

कडवं अजून नाही. चार दिवस कुठे पुरे झालेत.

२८ एप्रिल

आज हळद. नागीण परत पेटली, पहिल्यापेक्षा दुप्पट. लिहवत नाही. करिष्मा पिवळीजर्द दिसत होती. आजचे धवले सुटे सुटे म्हटले. उंबर उद्या पहाटे आणणार.

१ मे

दवाखान्यातून आज घरी आले. झालं ते लिहून टाकते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

रविवारी पहाटे उंबराची फांदी आली. मांडवात बायका जमल्या. मी खांबाला धरून उभी राहिले, पदर घामाने ओला. पहिलं कडवं म्हटलं. दुसरं म्हटलं. उंबराने विचारलं, मला काय द्याल?

आणि काही नाही. डीजे नव्हता. कोणी बोलत नव्हतं. सगळा मांडव माझ्या तोंडाकडे बघत होता. करिष्माने मुंडावळ्या बाजूला करून वर पाहिलं. ते डोळे मी विसरेन तर नरकात जाईन.

मागून मृणालीने दुसरं कडवं उचललं. तिला पुढचं येत नाही, कुठून येणार, मी शिकवलेलंच नाही. मी म्हटलेलं फक्त मागे म्हणत आलीय ती. तेच कडवं तिने फिरवून फिरवून म्हटलं, शांतपणे, जणू तेवढंच असतं. तरण्या पोरींना कळलं नाही. म्हाताऱ्यांना कळलं. त्यांच्यातली केसरीनाथची आई माझ्याकडे बघत शेजारणीला म्हणाली, "गुणाबायचा धवला सरला गं." मी ऐकलं. मला मृणालीचाच राग आला, हे पण लिहिते. लोकांसमोर माझ्या तोंडातला घास काढून घेतल्यासारखं वाटलं. त्यानंतर मी खाली पडले.

पाठवणीचा धवला कोणी म्हटलाच नाही. माझी करिष्मा मुकी गेली सासरी.

डॉ. इमाद रागावला, पण हळू आवाजात. "काकी, मी सांगितलं होतं ना? शरीराला सवय झालेली असते. एकदम काढून घेतलं की ते खवळतं. याच्याहून वाईट होऊ शकलं असतं, झटके आले असते." मी नेमाचं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तारीख ठरली तेव्हाच मला सांगितलं असतं तर त्याच दिवसापासून हळूहळू उतरवली असती. तुमचा नेम पण राहिला असता."

एवढं सोपं होतं! तोंडाने गाणारी बाई, आणि विचारायला तोंड उघडलं नाही.

कॅप्सूल परत सुरू. दोन महिन्यांत उतरवायची. विचारलं, शब्द परत येतील? म्हणाला, "येतील काकी. बहुतेक."

६ मे

करिष्मा मांडवपरतणीला आली. गळ्यात पडली. लग्नाचं एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर मी माफी मागितली असती. मग मीच मागितली. "मावशी, गप ऱ्हा ना," एवढंच म्हणाली.

२० मे

मृणालीने कॅलेंडरवर खुणा केल्यात, कुठल्या दिवशी किती. आता कॅप्सूल तिच्या हातूनच मिळते. तांदळाचा डबा पण तपासते, चोरी पकडलेल्या पोलिसासारखी! चांगलं करते.

९ जून

आजपासून एकच. घाम आहे, थोडा. सोसवतो.

१ जुलै

शेवटची कॅप्सूल. देवासमोर दिवा लावला. काळूराम म्हणाला, "बाय, दिवा कनाला? दुखतंय तर अजून." दुखतंय रे. पण माझं डोकं माझं मला परत मिळणार ना.

१९ जुलै

सूज उतरली. जोडवी घातली. पायऱ्या एकटी चढले. छातीखाली जुन्या लुगड्याची मऊ घडी ठेवली की ब्लाऊज सोसवतो. इमाद म्हणतो तेवढं दुखणं राहील, आणि मी म्हणते राहू दे.

उंबर म्हणून पाहिला. दुसऱ्या कडव्यापर्यंत.

१८ ऑगस्ट

नागपंचमी. मृणाली म्हणाली, "आई, तुमच्या नागिणीला पण दूध दाखवू का?" पुष्कळ दिवसांनी दोघी पोट धरून हसलो.

तिसरं कडवं नाही. इमादला फोन केला. कॅप्सूल जाऊन दीड महिना झाला, म्हणाला, तिचा अंमल एवढे दिवस राहत नाही. मग विचारलं, "काकी, हे विसरणं नक्की कधीपासून? आठवून सांगा." मार्चपासून, म्हटलं, तुमची कॅप्सूल चालू झाली तेव्हापासून. "नक्की ना?" नक्की! लिहिलंय माझ्याकडे.

१९ ऑगस्ट

लिहिलंय माझ्याकडे.

वही पहिल्या पानापासून वाचली. कॅप्सूल दोन मार्चची. कशेळीचं लग्न जानेवारीतलं. तेव्हा नागीणही नव्हती. तेच कडवं, तीच जागा. मीच लिहिलंय, माझ्याच वळणदार अक्षरात. आणि डीजेला शिव्या दिल्यात.

काशीमाय, मला माफ कर.

मृणालीला हाक मारली. पेन घेऊन बस म्हटलं. देवांपासून सुरुवात केली, ती उतरवत गेली. उंबराशी आल्यावर तिने वर पाहिलं. म्हटलं, तिसऱ्या कडव्याची जागा मोकळी सोड आणि पुढचं लिही, लवकर.