श्रावणाच्या आत एक मासा

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ११

यंदा संकल्प एकच. मासे धरायचे. वजन, योगा आणि जर्मन हे मागच्या वर्षांचे संकल्प. ते चालूच आहेत असं समजायचं.

कारण: काल डोंबिवलीला बाबांशी व्हिडिओ कॉल झाला. जुलैमध्ये ते ग्लासगोला येतायत, दोन महिने. शहात्तराव्या वर्षी, पहिल्यांदाच. रविवारी काय करतोस, असं विचारलं. लाँड्री म्हणायला जीभ रेटेना. मित्रांबरोबर नदीवर मासे धरतो म्हणालो. बाबा म्हणाले, सोळाव्या वर्षी कर्लीकाठचं वालावल सोडलं, पुढे पोस्टातली नोकरी, गळ टाकायचं राहूनच गेलं. आलो की मला शिकव.

शिकवतो म्हणालो. त्यात अवघड काय? आडनाव वालावलकर. कर्ली नदी रक्तात आहे. शिवाय मी स्वतः तिथे दोनदा गेलोय.

सहा महिने आहेत. चिक्कार झाले.

५ जानेवारी, रविवार

टीम जमली. मिहीर: नागपूरचा, इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, गाडी मोठी. वेद: पुण्याचा, माझ्याच बँकेत आयटीला, अंडंसुद्धा खात नाही. निसर्गासाठी येतो म्हणाला. कॅप्टन मी. मतदानाची गरज पडली नाही.

सुरुवात बर्फातून. गोठलेल्या तळ्याला भोक पाडायचं आणि गळ सोडायचा. मासा खाली कोंडलेला, जाणार कुठे? व्हिडिओतल्या माणसानं चार मिनिटांत तीन काढले. बर्फाचं गिरमिट ऑनलाइन मागवलं. सुनीती म्हणाली, एवढं मोठं धूड घरात ठेवणार कुठे. बायकोला व्हिजन नाही.

१२ जानेवारी, रविवार. दुपारी ४

स्टर्लिंगच्या पुढे, डोंगरातलं तळं. मी तळं म्हटलं की मायरा 'लॉख म्हण, डॅड' म्हणून दुरुस्त करते. बारा वर्षांची आहे आणि इथेच जन्मली, त्यामुळे सगळं तिलाच कळतं.

तयारी चोख होती. सुनीतीकडून वाटण करून घेतलेलं: ओलं खोबरं, लाल मिरची, धणे. तिरफळं आणि कोकमं वेगळ्या डब्यात. छोटा गॅस, कढई. काठावरच ताज्या माशाचं तिखलं करायचा बेत.

बर्फ होता. कडेला, पापडाएवढा. मिहीरनं गिरमिट टेकवलं, ते हातातून निसटलं आणि सरळ तळाला गेलं. भोक मात्र छान पडलं.

कुत्रा फिरवायला आलेले एक आजोबा थांबले. या बर्फावर पाय ठेवलात तर मराल, म्हणाले. मग म्हणाले, ब्राउन ट्राउट माशाचा सीझन मार्चच्या मध्यापर्यंत बंद असतो. मग परमिट विचारलं. शेवटी हवा छान पडलीय म्हणून निघून गेले.

परतताना वेद वाटणाच्या डब्याकडे बघून 'बाजारात तुरी' एवढंच पुटपुटला. पुढची म्हण मला येते.

वाटण फ्रीजरमध्ये. आजचा दोष पूर्णपणे ग्लोबल वॉर्मिंगचा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

नदीवरच्या फिशिंग क्लबचं परमिट काढलं. नियम सव्वीस. चौथा: रविवारी फिशिंग बंद. कुठल्या तरी जुन्या पाद्र्याचं काम असणार. (बाबांना मी 'दर रविवारी' सांगून बसलोय. बघू.)

उरला शनिवार. मिहीर शनिवारी खात नाही, मारुतीचा वार. म्हटलं, शनिवारी धर, रविवारी खा. तर म्हणाला, जीव शनिवारी घ्यायचा आणि खायचं रविवारी, हे मारुतीला समजत नाही का? शिवाय फ्रीजमधला शिळा मासा वालावलकर खात नाहीत, हे माझं तत्त्व आहे. सोमवारी बँक हॉलिडे येतात, पण सोमवार माझा. बुधवार-शुक्रवार खाण्याचे, तेव्हा ऑफिस.

म्हणजे स्कॉटलंडच्या देवाचा रविवार, मिहीरच्या देवाचा शनिवार, माझ्या देवाचा सोमवार. मासा मजेत.

१८ एप्रिल, शुक्रवार. गुड फ्रायडे

वार खाण्याचा, बँक बंद, नदी उघडी, मिहीरला सुटी. असा योग वर्षातून एकदा येतो. तो आज आला आणि गेला.

छातीपर्यंत येणारी रबरी पँट घालून मी पाण्यात उतरलो. ती पँट बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही असं पाकिटावर लिहिलंय. एकदा आत आलेलं बाहेर जाऊ देत नाही, हे लिहिलेलं नाही. मिहीरनं मला काखेत हात घालून ओढून काढलं. पहिला गळ झाडात. दुसरा झाडात. तिसरा वेदच्या टोपीत.

मी कपडे पिळत होतो तेवढ्यात, नुसती रॉड सांभाळायला दिलेल्या वेदला मासा लागला. वेदला! मी ओल्या मोज्यांनी धावत पोचलो तोवर त्यानं त्याला 'सॉरी हं' म्हणून पाण्यात सोडूनही दिलं होतं. विचारलं, का? म्हणाला, तो माझ्याकडे बघत होता.

घरी अर्ध्या वाटणात बटाटे घातले.

१४ जून, शनिवार. संध्याकाळी ७

मिहीरला नुसतं धरायला येण्यावर राजी केलं. खायचं मी एकटा खाईन म्हटलं. सकाळी सहापासून मिजेस नावाची चिलटं. कानात, नाकात, चहात. मासा नाही.

नदीवरच्या बोर्डाचा फोटो मी फेब्रुवारीत काढला होता. तो वेदनं आज पहिल्यांदा नीट वाचला. या पाण्यावर धरलेला प्रत्येक मासा परत सोडायचा. सव्विसावा नियम. म्हणजे फेब्रुवारीपासून मी खोबरं, तिरफळं, गॅस, कढई घेऊन अशा नदीवर जातोय, जिथला मासा घरी आणणंच मना आहे. शेवटचा नियम कोणी वाचतं का? महत्त्वाचं असेल तर वर लिहा ना.

गाडीत मिहीर म्हणाला, नकुल, तू बाबांना खरं सांगून टाक, त्यांना काही वाटणार नाही. मला राग आला. खरं काय सांगायचं? की तुमचा मुलगा चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि त्याला एक मासा धरता येत नाही? आयुष्यात बाबांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. फी मी मागितली, क्लास मी मागितला, लंडनच्या पहिल्या तिकिटाला पैसे मी मागितले. त्यांनी एवढंच: शिकव.

अजून तीन आठवडे आहेत. एका आठवड्यात लोक पोहायला शिकतात.

५ जुलै, शनिवार

बाबा आले. एअरपोर्टवर व्हीलचेअर नाकारली. बॅगेत कोकमं, कुळथाचं पीठ आणि मोठ्या काठाची एक कापडी टोपी. स्टेशनबाहेरून घेतली म्हणाले, नदीवर ऊन लागेल.

ग्लासगोमध्ये ऊन! मी हसलो. ते हसले नाहीत. कुठल्या रविवारी जायचं, एवढं विचारलं. पंचवीस तारखेला श्रावण लागतो, मग महिनाभर मासा बंद, त्याच्या आत तुझ्या हातचा एक खाईन म्हणाले.

१३ जुलै, रविवार. दुपारी ३

सकाळी सातला बाबा टोपी घालून, बूट बांधून दारात उभे. मी म्हणालो, काठ ओला असतो, तुमचे गुडघे, पुढच्या वेळी नक्की. त्यांनी टोपी काढली आणि खुंटीला लावली. ठीक आहे म्हणाले.

गुडघ्यांची काळजी घेणं हे मुलाचं कर्तव्यच आहे. नदी रविवारी बंद असते, हा भाग वेगळा. वेदला घेऊन गार्डन सेंटरच्या कॅफेत चार तास बसलो. दोन स्कोन खाल्ले. घरी येऊन सांगितलं, पाणी गढूळ होतं.

मायरा म्हणाली, पण रॉड तर गॅरेजमध्येच आहे. या मुलीला मराठी वर्गाला घालायला हवं, फार रिकामा वेळ आहे तिच्याकडे.

२० जुलै, रविवार. रात्री ९

विजय.

तपशील फक्त या वहीपुरता. श्रावणाच्या आधीचा हा शेवटचा रविवार. सकाळी रॉड घेऊन (या वेळी आठवणीनं) बाहेर पडलो, सुपरमार्केटच्या फिश काउंटरला गेलो. दोन ट्राउट. काउंटरवाल्या मुलीला डोकी राहू द्या म्हटलं, नैसर्गिक दिसतं. पोटातलं आधीच साफ केलेलं होतं, म्हणजे सुनीतीचंही काम वाचलं. बादलीत घातले, पार्किंगमधलं थोडं गवत वर टाकलं. हे गवत मलाच सुचलं.

मायराचा विश्वास बसेना. 'डॅड, तू खरंच धरली?' दोनदा विचारलं. बाबांनी एक मासा हातात घेतला. उलटा केला. पोटावरून अंगठा फिरवला, सावकाश. छान आहे म्हणाले. ताजा आहे म्हणाले नाहीत, पण त्यांचा स्वभावच कमी बोलण्याचा.

वाटण फ्रीजरमधून निघालं. तिखलं झालं. बाबा दोनदा भात घेऊन जेवले. मी गळ टाकताना मनगट कसं ठेवायचं ते हात करून दाखवलं. सगळे बघत होते.

सहा महिन्यांची मेहनत फळाला आली.

२४ जुलै, गुरुवार. संध्याकाळी

दीप अमावास्या. सुनीतीनं दिवे घासून मांडले. मी कणकेचे दिवे लावत होतो, बाबा शेजारी वाती करत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "नकुल, नदीतला मासा पोट साफ करून येत नाही."

मी वात नीट करत राहिलो. ती नीटच होती.

म्हणाले, माझ्या वडिलांनी मला नदीवर कधी नेलं नाही, मी तुला नेलं नाही, वेळच नसायचा. मासा काय, डोंबिवलीतही मिळतो. "तुझ्याबरोबर बसायला मिळेल म्हणून टोपी आणली होती."

तोंड पुसायचं निमित्त करून बाथरूममध्ये जाऊन बसलो. लाज वाटली. ती अजून आहे. मिहीरचं खरं होतं, हे लिहून ठेवतो, पण त्याला सांगणार नाही.

बाहेर येऊन म्हणालो, रविवारी जाऊ. मला काही येत नाही, तरी जाऊ. बाबा म्हणाले, उद्यापासून श्रावण, मी खाणार नाही. म्हटलं, खायचं कोणाला आहे.

२७ जुलै, रविवार. रात्री

गावाबाहेर मासे आणून सोडलेल्या एका तळ्यावर गेलो. रविवारी उघडं, परमिट तिथेच मिळतं, धरलेला मासा परत सोडायचा. श्रावणाला इतकी सोयीची जागा नाही. आमच्यासाठीच नियम केलाय की काय असं वाटलं.

बाबा, मायरा आणि मी. बाबा टोपी घालून घडीच्या खुर्चीत. मी गळ टाकायला शिकवला, म्हणजे मायरानं व्हिडिओ लावला आणि आम्ही दोघं शिकलो. बाबांचा पहिला गळ झाडात गेला. फार बरं वाटलं.

तीन तास काही नाही. बाबा कर्लीबद्दल बोलले. होडीतून शाळेला जायचे, हे मला ठाऊकच नव्हतं. बोलता बोलता झोपले. मायरा आइस्क्रीम आणायला गेली.

आणि तेव्हा, दोन वाजून दहा मिनिटांनी, रॉड वाकली.

ट्राउट. कोपरापासून बोटांपर्यंत. कोणाच्या मदतीशिवाय, कोणत्याही काउंटरशिवाय, मी, नकुल वालावलकर, बाहेर काढला. दोन्ही हातांत धरला. फोन बाबांच्या खुर्चीखाली, माझ्या कोटात. बाबांना हाक मारली. घोरत होते. मोठ्यानं मारली. मासा धापा टाकायला लागला, माझ्याकडे बघायला लागला. वेदचं तेव्हा काय झालं असेल ते समजलं. सोडला.

पाण्यावरचे तरंग जिरले आणि बाबा जागे झाले. मिळालं काही, असं विचारलं. सगळं सांगितलं. हात करून लांबी दाखवली. आवाज चढला होता माझा.

बाबांनी रिकाम्या बादलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "साफ केलेला होता का?" म्हणाले, आणि हसायला लागले. इथे आल्यापासून पहिल्यांदा. टोपी पडली इतके हसले. मायरा दोन आइस्क्रीम घेऊन आली, तिला त्यांनीच सांगितलं, तीही हसली. मी शपथ घेतली. कोणाची घ्यावी कळेना म्हणून मारुतीची घेतली. मिहीरला फोन केला. तो म्हणाला, ऑफर चालू होती का.

पुरावा एकच उरला होता. हातांना वास येत होता, ओल्या, खऱ्या, जिवंत माशाचा. गाडीत स्टिअरिंगला हात कमीत कमी लावले. घरी येऊन थेट स्वयंपाकघरात गेलो, दोन्ही तळवे सुनीतीच्या नाकासमोर धरले आणि म्हटलं, हुंग.

तिनं हुंगलं नाही. "शी. कशाला हात लावू नकोस, श्रावण आहे," म्हणाली आणि नळाकडे बोट दाखवलं.

साबणानं दोनदा धुतले. मग लिंबू लावून.