अर्धं सफरचंद

प्रिय मावशी,

तुझं पत्र पोचलं. गुडघे, शेजारीण, नवा पंखा असं सगळं लिहून झाल्यावर तळाशी तुझा नेहमीचा प्रश्न आहेच: पगार किती? दर वेळी मी तो न वाचल्यासारखं करते. या वेळी उत्तर देणार आहे, पण जरा दमाने घे. भावजींनी विमा कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकलाय आणि सोमवारपर्यंत त्यांना माझा होकार हवाय, हेही लक्षात आहे.

आधी आमची खोली डोळ्यांसमोर आण. इस्पितळाच्या जिन्याखाली, एक्स-रेच्या शेजारी. उंच माणसाने डोकं सांभाळून आत यायचं. दारावर पाटी, 'समाजसेवा विभाग'. सगळा घोळ त्या पाटीने घातलाय. समाजसेवा म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई लष्कराच्या भाकऱ्या भाजतेय. तूसुद्धा गल्लीत कौतुकाने सांगतेस, आमची चिमणी नोकरी नाही करत, समाजसेवा करते. म्हणून तर मागच्या खेपेला तुझ्या शेजारणीने मला तिच्या जुन्या चपला दिल्या. बसल्या मात्र छान.

तर आमच्याकडे एक गिलावा करणारे मिस्त्री आले होते. परांचीवरून पडले, खुबा मोडला. ऑपरेशनच्या खर्चासाठी मी दोन ट्रस्टचे उंबरे झिजवले. पुढचा पेच घराचा. लेक तिसऱ्या मजल्यावर राहते आणि लिफ्ट नाही. मग तळमजल्यावरच्या भाडेकरूंकडे जाऊन बसले, त्यांच्या तीन कप चहाला हो म्हटलं, आणि मिस्त्री चालायला लागेपर्यंत त्यांनी लेकीशी खोल्या बदलल्या.

नाश्त्याला मिळालेल्या सफरचंदातलं अर्धं मिस्त्री रोज कागदात गुंडाळून माझ्यासाठी ठेवायचे. कापलेली बाजू तांबूस पडलेली असायची. मला वाटायचं, माया. एके दिवशी मी नको म्हटलं तर रागावले, "खा गं बाई. फुकट राबतेस, निदान पोटात तरी काही जाऊ दे."

मला हसू फुटलं. म्हटलं, अहो, मला पगार आहे. किती, ते त्यांनी विचारलं आणि मी हळूच सांगितलं. त्यांनी विचार केला. आठवड्याचा का, म्हणाले. मी म्हटलं, महिन्याचा.

"मग सफरचंद चालूच राहू दे."

अख्खा वॉर्ड हसला. मीही हसले, पण घरी आल्यावर भावजींना होकार कळवायचं जवळजवळ ठरवलं होतं. तुझ्यापासून काय लपवायचं? दर वर्षी करार संपायचा, आणि पुढच्या वर्षी खुर्ची आपली की नाही, हे कुणी सांगायचं नाही.

मागच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. वाटलं, झालं, संपलं. तर हाडांच्या डॉक्टरांनी त्यांच्यामागे भुणभुण लावली होती, की ही बाई आल्यापासून बरे झालेले पेशंट वेळेवर घरी जातात आणि खाटा मोकळ्या होतात. तिला सोडू नका. मावशी, मला कायम केलंय. पगारही वाढलाय.

काल मिस्त्री तपासणीला आले. काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी. खोलीत येताना डोकं आपटलं. पिशवीतून सफरचंद काढलं, या वेळी अख्खं. मी आनंदाने नवा आकडा सांगितला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सफरचंदाकडे पाहिलं, आणि ते परत पिशवीत टाकलं.

"मग आता विकत घेऊन खा."

तर हे पत्र एवढ्यासाठी. भावजींना गोडीत नाही सांग. त्यांच्याकडे आजही जास्त मिळेल, ठाऊक आहे मला. पण आता इथलं मला पुरतं, आणि इथे माझं मन रमतं. पत्राच्या घडीत नोटा घालणं आता बंद कर. आकडा मात्र लिहिणार नाही, तू गल्लीभर करशील. इकडे ये, कानात सांगते. आणि येताना सफरचंदं आण. त्या खात्यातली माझी कमाई बंद झालीय.

तुझीच, आता कायम झालेली,
चिमणी