पेशी वाढत नाहीत

१२ ऑगस्ट २०२५, मंगळवार
रक्तातल्या, आजाराशी लढणाऱ्या पेशी एकशे नव्वद. मागच्या खेपेला एकशे शहाण्णव होत्या.

चार वर्षांत एकही गोळी चुकवली नाही. रक्तात एचआयव्हीचा विषाणू सापडत नाही, असं कागदावर लिहिलंय. मग पेशी का वाढत नाहीत? दवाखान्यात समजावून सांगणारी निशा म्हणाली, "मावशी, औषध त्याचं काम करतंय. पण तुम्हाला कळलंच फार उशिरा. टीबी झाला तेव्हा. पेशी चौसष्टवर आल्या होत्या. त्यात वय सत्तावन्न, वजन एकेचाळीस. अंगाला भरून यायला जड जातंय." मग हातातला पेन ठेवून – "घरी कुणाला माहीत आहे?"

कुणालाच नाही. कोल्हापुरात गोळ्या मिळतात, तरी मी एसटीनं गडहिंग्लजला जाते. घरी सांगते – गुडघ्याच्या वैद्याकडे!

निघताना निशा म्हणाली, "यंदा दहा उपवास करायचे नाहीत."

१३ ऑगस्ट
आम्हा जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दहा उपवास मी एकोणतीस वर्षं धरते. बस्तीतल्या, आमच्या देवळातल्या, बायका त्यावरूनच मला ओळखतात. यंदा नाही म्हटलं तर कारण काय सांगू?

काल रांगेत मीनाबाई भेटली. चंदगडची, काजूच्या कारखान्यात बिया फोडते. तिच्या पेशी सहाशेच्या वर. विचारलं, खातेस तरी काय? हसली. "तुमच्यापरीस कमीच की. पन आमच्यात समद्यास्नी ठाऊक हाय. मी इसरले तर जावई गोळी हातावर ठेवतोय. लपवाय लागत न्हाय, मग खाल्लेलं अंगाला लागतंय."

निशा म्हणते, इतकं सरळ नसतं ते. मीनाबाईच्या नवऱ्याला निघाल्यावर त्याच आठवड्यात तिचीही तपासणी झाली, लगेच गोळ्या सुरू झाल्या.

मला हे ह्यांच्याकडूनच आलं. राग धरला नाही. ते नऊ वर्षांपूर्वी गेले – लिव्हरचं दुखणं म्हणून. त्यांना तरी कुठं माहीत होतं?

२८ ऑगस्ट
उपवास धरला. कारण सुचलं नाही.

३० ऑगस्ट, शनिवार
तिसरा दिवस. पोटात फक्त गोळीपुरतं पाणी. बस्तीच्या पायरीवर भोवळ आली. सुनेनं, रुचितानं, धरलं. रिक्षात म्हणाली, "आई, गुडघेदुखीनं माणूस एवढं वाळतं का?"

सांगितलं. आजाराचं नाव घेऊन. घराबाहेर रिक्षा थांबताच ती माझ्याआधी उतरून आत गेली. मला वाटलं, संपलं सगळं.

आत गेल्यावर तिनं मुगाचं वरण केलं, गरम भात वाढला आणि समोर बसली. "बस्तीत मी सांगते, डॉक्टरांनी उपवास बंद केलेत. खोटं काय आहे त्यात?" सगळा भात जेवले. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा पर्वात उपवास मोडला – आणि जिवाला बरं वाटलं. हे इथंच लिहिते.

"ह्यांना मी सांगू?" तिनं माझ्या गोमटेशबद्दल विचारलं. मी हो म्हटलं.

२ सप्टेंबर
गोमटेश तीन दिवस माझ्याकडं बघत नाही. दुकानातून येतो, सरळ खोलीत जातो. ताटही आतच मागवतो. पोटच्या पोराला माझी किळस यावी? रुचिता म्हणते, "थोडा वेळ द्या त्यांना."

देते. माझ्याकडं दुसरं आहे काय.

४ सप्टेंबर
दोन वेळा पोटभर जेवते आहे. गोळी रुचिताच्या समोर घेतली. तिनं पाणी दिलं. एवढंच.

५ सप्टेंबर, शुक्रवार
सकाळी गोमटेश स्वयंपाकघरात आला. दारातच उभा राहिला.

"आई, बाबांना माहीत होतं. जायच्या आधी दोन वर्षं. डॉक्टर म्हणालेले, आईचीही तपासणी करा. बाबा म्हणाले, तिला सांगू नकोस. मी नाही सांगितलं."

तेव्हापासून टीबी निघेपर्यंत माझी सात वर्षं.

बस म्हटलं. बसला. गोळी त्याच्या समोरच घेतली.