सर्व्हर आणि लीलाबाईचा देव

२१ एप्रिल
आज पुन्हा बंद! कशाले हात लावला नाही — एक्सरे उघडला आन् सर्व्हर गपकन गेला. होळीपासून हेच. रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला, यूपीएस बदलला. नवी डिस्कही काल गेली. जुन्या पेशंटचे रिपोर्ट कसेबसे वाचले.

नानाजी, आमच्या दवाखान्याचे मालक, रागावले नाहीत. तेच जास्त लागलं. "रंजिता, रविवारपर्यंत पाह्य. नाही जमलं तं एक्सरे बंद करू, पेशंट यवतमाळले पाठवू." आर्णीहून यवतमाळ! हात मोडलेलं लेकरू घेऊन, या उन्हात! आन् सर्व्हरच नाही तर माझं काय काम इथं?

२३ एप्रिल
यवतमाळचा इंजिनिअर येऊन गेला. "मॅडम, मशीनमध्ये फॉल्टच नाही." बरं! मग मी खोटं बोलून राह्यली काय?

जेवली नव्हती. विमलताईनं — आमची नर्स — न सांगता पोहे आणून ठेवले. देव तिचं भलं करो.

२५ एप्रिल
याडीचा तांड्यावरून फोन. पोरीचं रडणं आईले ऐकू येतेच. म्हणे, "त्या मशीनची नजर काढ." रडता रडता हसली मी. बरं वाटलं.

२६ एप्रिल
सापडलं! सापडलं!!

आज मशीन सोडून भिंतीतला प्लग तपासला. न्यूट्रल आन् अर्थिंगच्या मधात भलतंच व्होल्टेज! म्हणजे अर्थिंगच मेली, जादा वीज जमिनीत उतरायले वाटच नाही. मागच्या अंगणात गेली, जिथं अर्थिंगचा पाइप गाडला आहे. मातीले भेगा. पाइपाले शेंदूर, कुंकू, वाळलेलं फूल.

लीलाबाईचा देव! मागच्या घरातली म्हातारी रोज सकाळी त्याच्यावर बादलीभर पाणी घालते, हात जोडते. सारे हसतात तिले. विमलताई म्हणे, "थ्या तं होळीलेच लेकीकडं गेल्या, उमरखेडले. गुडघा धरला."

होळीलेच! पाणी बंद, माती कोरडी, अर्थिंग गेली — आन् मी रॅम बदलून राह्यली!

बादल्यावर बादल्या ओतल्या, मीठ टाकलं. एक बादली नानाजींनी स्वतः आणली, या वयात. मीटरचा आकडा खाली आला तशी मी तिथंच ओल्या मातीत बसली.

२७ एप्रिल
दिवसभर चालला. एकदाही पडला नाही. नानाजी म्हणे, "एक्सरे चालूच राहीन." पाइपाले नमस्कार केला. हसा कोणाले हसायचं ते!

१३ मे
लीलाबाई आल्या, काठी टेकत. मी लुगडं घेऊन गेलती. पाया पडली. म्हटलं, "आजी, थो देव नाही, अर्थिंगचा पाइप आहे. पण तुमच्या पाण्यानंच आमचा दवाखाना चालून राह्यला होता."

"माईत हाये मले," म्हणे. "माह्या गोपालनं गाडला थो. लाइटचं काम करे. मराच्या आधी त्याचं शेवटचं काम. म्हणे, आई, उन्हाळ्यात याले पाणी टाकत जाजो."

कुंकू काहून, हे मग मी इचारलं नाही.